रिकाम्या आतड्याचे तीन दिवस

बाळा, परवा तू मुक्कामाला होतास. जेवणं झाल्यावर तू बॅगेतून चूर्णाची बाटली काढलीस, चमचाभर चूर्ण कोमट पाण्यात ढवळलंस आणि मोरीपाशी उभ्या उभ्या घटाघटा पिऊन टाकलंस. काकूनं पाहिलं नाही, मी पाहिलं. छत्तीस वर्षं औषधाच्या दुकानात उभा राहिलोय, तो वास मला झाकण उघडल्याबरोबर कळतो. सकाळी विचारलं तेव्हा तू मान खाली घालून म्हणालास, "काका, दोन वर्षं झाली. नाही घेतलं तर होतच नाही." तेव्हा बसची वेळ झाली होती, बोलणं राहून गेलं. म्हणून हे पत्र. यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या दुकानात शाळामास्तर यायचे, नव्या नवरीसाठी सासू यायची, शेतात राबणारे गडी यायचे, आणि सगळे हळू आवाजात हेच सांगायचे.

"नाही घेतलं तर होतच नाही." सगळी गोम या एका वाक्यात आहे, म्हणून आधी तेवढंच नीट समजून घे.

आपलं मोठं आतडं साधारण पाच फूट लांब असतं. लहान आतड्यातून आलेला पातळ राबडा त्यात सावकाश पुढे सरकतो, आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं आणि दिवस-दोन दिवसांत त्याचा मळ बांधला जातो. सकाळी जे बाहेर पडतं ते शेवटच्या टप्प्यातलं. उद्याचं आणि परवाचं त्याच्या मागे उभं असतं. जोरकस रेचक ही सगळी रांग एका सकाळी बाहेर काढतं. आजचं जातं, त्याबरोबर उद्याचंही जातं. माणूस म्हणतो, आज पोट कसं लख्ख झालं! दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळेला जाऊन बसतो आणि काही होत नाही. होणार कुठून? आत काही शिल्लकच नाही. पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. पण एवढा धीर कुणाला असतो? कोठा रिकामा असतो आणि माणूस समजतो की तो अडला. रात्री पुन्हा चमचा, सकाळी पुन्हा साफ, आणि हळूहळू चमच्याचे दोन चमचे.

तुझ्या दोन वर्षांत हे तीन रिकामे दिवस तू एकदाही पुरे होऊ दिलेले नाहीस. सवय इथं धरली गेली.

त्यात आपल्याकडे लहानपणापासून डोक्यात बसवलेलं असतं की रोज सकाळी झालंच पाहिजे. ते तसं नाही. दिवसातून तीनदा होणाऱ्यापासून आठवड्यातून तीनदा होणाऱ्यापर्यंत सगळी निरोगी माणसं असतात. किती वेळा होतं यापेक्षा कसं होतं ते बघावं. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ साली मळाच्या घडणीचा एक सात पायऱ्यांचा तक्ता छापला, तो आता दवाखान्यादवाखान्यांतून वापरतात. पहिल्या पायरीला बकरीच्या लेंडीसारखे सुटे खडे, सातव्या पायरीला निव्वळ पाणी. तिसरी-चौथी पायरी, म्हणजे बांधलेला, मऊ, केळ्यासारखा, न कुंथता होणारा. तो दोन दिवसांतून एकदा झाला तरी तुला बद्धकोष्ठ नाही.

आता तुझी बाटली. "आयुर्वेदिक आहे काका, अपाय नाही," असं तू म्हणालास. बाटलीमागची बारीक अक्षरं वाच. सोनामुखी, सनाय, स्वर्णपत्री, मार्कंडिका, सेन्ना, यांतलं एखादं नाव सापडेल. ही पाचही नावं एकाच झाडाची. तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे त्याची शेती होते, म्हणून व्यापारात त्याला तिनवेली सेन्ना म्हणतात. घरोघरच्या बहुतेक चूर्णांत हिरडा, ओवा, सैंधव, ज्येष्ठमध असतात खरे, पण सकाळी धावायला लावणारी ती सोनामुखी. तिच्यातलं द्रव्य मोठ्या आतड्यात पोचलं की तिथले जंतू त्याला जागं करतात आणि मग ते आतड्याला आवळायला लावतं. त्याला सहा ते बारा तास लागतात, म्हणून तर रात्री घ्यायची. वर्षानुवर्षं घेणाऱ्याच्या आतड्याचं अस्तर दुर्बिणीतून पाहिलं तर काळपट तपकिरी दिसतं. ते बघून लोक हादरतात. तो डाग सोनामुखी बंद केल्यावर काही महिन्यांत फिका पडत जातो, त्याला घाबरू नकोस.

भीती घालून मला तुझं चूर्ण सोडवायचं नाही. आतडं कायमचं मेलं, आता ते कधी हलणार नाही, असं लोक सांगतात. बेताच्या मात्रेनं असं होतं हे सिद्ध झालेलं नाही. लकवा झालेल्या, कंपवाताच्या किंवा कर्करोगाच्या वेदनेवर अफूच्या जातीची औषधं घेणाऱ्या माणसांना डॉक्टर स्वतः अशी औषधं महिनोन् महिने देतात, आणि ते योग्यच असतं. अशा कुणाच्या हातातली गोळी तू हे पत्र वाचून काढून घेऊ नकोस. मी बोलतोय ते तुझ्यासारख्यांबद्दल. चौतिशीतला धडधाकट मुलगा, आणि नसलेल्या अडथळ्यावर रोज औषध घेतोय.

तुझ्या आजीचं, म्हणजे माझ्या आईचं, मी तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो.

ती लग्न होऊन या गावात आली तेव्हा घरी संडास नव्हता. बायकांनी उजाडायच्या आत परसाकडे जाऊन यायचं, नाहीतर अंधार पडल्यावर. दिवसा कितीही कळ आली तरी दाबून धरायची. कळ येऊ नये म्हणून ती पाणी कमी प्यायची, रात्री अर्धीच भाकरी खायची. अशी तीस वर्षं गेली. पुढे घरात संडास झाला, पण शरीराला लागलेलं वळण तसंच राहिलं. कळ आली की ती आपसूक दाबून टाकायची. चरकसंहितेत सूत्रस्थानाचा सातवा अध्याय 'नवेगान्धारणीय' या नावाचा आहे. शरीराचे तेरा वेग रोखू नयेत असं त्यात सांगितलंय आणि मळाचा वेग त्यात आहे. दाबलेली कळ विरून जाते, मळ आत थांबतो, जितका थांबतो तितकं आतडं त्यातलं पाणी ओढून घेतं, आणि त्याचा खडा होतो. हे वैद्यही सांगतात आणि सर्जनही.

तर आईचं पोट होईना म्हणून दर रविवारी एरंडेल. तेव्हा घरोघर तसंच होतं, आम्हा भावंडांनाही नाक दाबून पाजायचे. पुढे मी दुकान काढलं आणि एरंडेलाच्या जागी चूर्ण आणून द्यायला लागलो. मीच द्यायचो, बाळा. संपलं म्हणाली की नवी बाटली. शेवटी शेवटी ती रोज दोन मोठे चमचे घ्यायची. त्यातच रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली. ती गोळी शरीरातलं पोटॅशियम बाहेर टाकते आणि रोजचे जुलाबही तेच करतात. पायांत गोळे यायचे, छातीत धडधडायचं, हातपाय गळून जायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं. एके दिवशी पहाटे ती मोरीत कोसळली. तालुक्याला नेलं, रक्त तपासलं तेव्हा पोटॅशियम फार खाली गेलेलं निघालं. सलाईन लावली, सावरली. मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "जुलाबाचं काही घेतात का या?" मी हो म्हणालो. ते देणारा मीच, एवढं तोंडातून निघालं नाही. त्यानंतर दुकानात चूर्ण मागायला आलेल्या प्रत्येकाला मी दोन गोष्टी विचारायला लागलो : रोज घेता का, आणि आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?

तूही तुझ्या गोळ्या आठवून बघ. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, काही आम्लपित्ताची औषधं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, नैराश्यावरच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या, यांनी पोट बांधून येतं. असं असेल तर आपल्या मनानं बंद करू नकोस, डॉक्टरांना सांग, ते बदलून देतात.

सोडायचं कसं, ते ऐक. एका रात्रीत बाटली फेकू नकोस. तसं करणारे पाचव्या दिवशी दुकानात परत यायचे. पहिले दोन आठवडे चूर्ण आहे तसंच राहू दे आणि ताटातलं बदल. तेही दमादमानं. इतकी वर्षं मैद्यावर राहिलेल्या पोटात एकदम उसळी आणि कोंडा ढकललास तर वात धरेल, पोट डब्ब होईल आणि तू म्हणशील, काकांचं ऐकून भलतंच झालं. दोन आठवड्यांनी मात्रा अर्धी कर. आणखी आठवड्यानं एक दिवसाआड. मग दोन दिवसांआड. मध्ये जे रिकामे दिवस येतील त्यांची मी वर ओळख करून दिली आहे. त्या दिवशी पोट दुखत नाही, फुगत नाही, भूक नीट लागते, वारा सरतो, तर काहीही घ्यायचं नाही, वाट बघायची. तिसऱ्या दिवसापर्यंत हमखास धीर सुटतो. तेव्हा मला फोन कर, पण चमचा उचलू नकोस.

अगदीच आधार लागला तर इसबगोल. ती बियांवरची साल, जोरकस रेचक नव्हे. उत्तर गुजरातेत पिकते, उंझ्याच्या बाजारात तिचे मोठे व्यवहार होतात. पोटात ती पाणी धरून फुगते आणि मळाला मऊपणा देते, आतड्याला चाबूक मारत नाही. पण एक नियम काटेकोर पाळ. एक-दोन चमचे इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच पी आणि वर आणखी पेलाभर पाणी. कोरडी कधी तोंडात टाकायची नाही, ती घशात किंवा अन्ननलिकेत फुगून बसते. इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेव. ज्याला आधीच खडा अडलाय, किंवा गिळायला त्रास होतो, त्यानं घेऊ नये. इसबगोलही जमली नाही तर डॉक्टर लॅक्ट्युलोज किंवा मॅक्रोगोल देतात, ती आतड्यात पाणी धरून ठेवणारी औषधं. मॅग्नेशियमचं दुधी औषध मूत्रपिंड कमजोर असलेल्यानं विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि गरोदर बाईला एरंडेल पाजायचं नाही, कळा सुरू होऊ शकतात. तुझ्या वहिनीला दिवस गेले आहेत म्हणून लिहिलं.

आता ताट. इथं मी काकूचंच सांगतो, कारण आईच्या त्या दुखण्यानंतर घरातलं जेवण तिनं बदललं आणि आईची बाटली सहा महिन्यांत सुटली, तीही सत्तरीत.

तू पुण्यात काय खातोस ते मला माहीत आहे. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी कॅन्टीनचा भात, रात्री पाव नाहीतर नूडल्स. या सगळ्यात तंतू म्हणजे चोथा जवळपास नाहीच. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात तीन ग्रॅमच्या आत. माणसाला दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम हवेत. डेनिस बर्किट नावाचे एक आयरिश सर्जन युगांडात बरीच वर्षं होते. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७२ साली मळाची वजनं छापली. ब्रिटिश नौसैनिकांचा दिवसाचा मळ शंभर ग्रॅमच्या आसपास, युगांडातल्या खेडुतांचा चारशेच्या वर. खेडुतांच्या ताटात साल-कोंड्यासकट धान्य, कंद, शेंगा. आपले पणजोबा तेच खायचे.

तेव्हा एक वेळ तरी भाकरी. ज्वारीची, थंडीत बाजरीची. करता येत नसेल तर तुझ्या खोलीजवळच्या पोळी-भाकरी केंद्रातून आण, हल्ली सगळीकडे मिळते. गव्हाचं पीठ गिरणीतून आणलंस तर चाळू नकोस. चाळणीत जो कोंडा उरतो तोच तुला हवा आहे.

कडधान्यात मोड आलेली मटकी सुरुवातीला बरी, पोटाला हलकी. चवळी, वाटाणे, हरभरे पोट सरावल्यावर. कुळथाचं पिठलं आठवड्यातून एकदा. पालेभाजी रोज एक : चाकवत ताकात घोटून, अंबाडी ज्वारीच्या कण्या घालून, माठ, मुळ्याचा पाला, शेपू. कोवळे देठ टाकू नकोस. काकू दोडका सोलला की शिरा फेकत नाही, तीळ-शेंगदाणे घालून तव्यावर खमंग चटणी करते. दुधीच्या सालींचीही तशीच. तू लहानपणी हीच चटणी भाकरीवर पसरून खायचास. फळांत पेरू सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा, सालीसकट आणि बियांसकट. पपई, पिकलेलं केळं, हंगामात पुरंदरची अंजिरं. कच्चट केळं मात्र उलट बांधतं. रात्री आठ-दहा काळ्या मनुका किंवा दोन-तीन सुकी अंजिरं भिजत घाल, सकाळी चावून खा आणि पाणीही पी.

उपासाचं एक सांगायचं राहिलं. आषाढी एकादशी आणि नवरात्र झालं की दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात चूर्णाला गर्दी व्हायची. कारण साबुदाणा. त्यात पिष्टाखेरीज फारसं काही नसतं. उपास कर, पण राजगिरा, सालीसकट उकडलेलं रताळं, काकडी, फळं यांवर कर.

पाणी इतकं पी की लघवी फिकट पिवळी होईल. लिटरं मोजत बसू नकोस, पण तंतू वाढवलेस आणि पाणी तेवढंच ठेवलंस तर मळ उलट घट्ट होईल. (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी ज्यांचं पाणी मोजून दिलंय त्यांनी मोजूनच घ्यावं.) तूप घालून गरम दूध झोपताना आवडत असेल तर घे. आईला त्यानं बरं वाटायचं. पण त्याच्या भरवशावर पालेभाजी सोडू नकोस.

तुझी रात्रपाळी हा मोठा अडथळा आहे हे मला कळतं. झोपेत मोठं आतडं जवळजवळ गप्प असतं. जाग आली की आणि पोटात अन्न पडलं की त्याला जोर येतो. म्हणून घड्याळातली सकाळ विसर. तू दुपारी एकला उठतोस ना, तर तीच तुझी सकाळ. उठल्यावर पेलाभर कोमट पाणी, मग पोटभर न्याहारी, चहा-बिस्किटं नव्हेत, आणि न्याहारीनंतर वीस-तीस मिनिटांनी जाऊन बस. कळ असो नसो, रोज त्याच वेळी. दहा मिनिटं, त्यापुढे नाही. मोबाईल बाहेर ठेवायचा. तासभर बसून कुंथणाऱ्यांच्या मूळव्याधीची मलमं मी ढिगानं विकली आहेत. झालं नाही तर उठून यायचं आणि दिवस पुढे चालवायचा. ऑफिसात कळ आली तर मीटिंग सोडून उठ. पाळी संपल्यावर अर्धा तास चाल, बसून बसून आतडंही बसतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं तेही लिहून ठेवतो. मळात रक्त दिसलं, न ठरवता वजन उतरायला लागलं, हिमोग्लोबिन कमी निघालं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला आहे, किंवा पन्नाशीच्या पुढे सवय अचानक बदलली, तर चूर्णही नको आणि माझा सल्लाही नको, सरळ तपासणी. पोट फुगून दुखतंय, उलट्या होताहेत आणि वाराही सरत नाही, तर त्याच तासाला रुग्णालयात. थायरॉईड मंद असला तरी पोट बांधतं, तेव्हा एकदा रक्त तपासून घे. आणि तुझ्या मावशीआजीकडे लक्ष ठेव. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला बरेच दिवस झालेलं नसतं आणि मग अचानक पातळ पाणी गळायला लागतं. घरचे जुलाब समजून बंद करायची गोळी देतात. खरं तर आत खडा अडलेला असतो आणि त्याच्या कडेनं पाणी झिरपत असतं. असं दिसलं तर गोळी न देता डॉक्टरांना घरी बोलवा.

तुझ्या खोलीत कमोड आहे, त्यामुळे गुडघे कमरेच्या वर येत नाहीत. मळाशयाला आवळून धरणारा एक स्नायू असतो, तो उकिडवं बसल्यावर सैल पडतो आणि वाट सरळ होते. तेवढ्यासाठी सुताराकडून सागवानी पाट करून घेतलाय, बेतानं एक वीत उंच. मंगळवारच्या एसटीनं पार्सल पाठवतो, स्टँडवरून घेऊन ये. पाय त्यावर ठेव, कोपरं मांड्यांवर टेकवून थोडं पुढे वाक. फरशी ओली असेल तर पाट घसरेल, म्हणून खाली रबराच्या पट्ट्या मारायला लावल्या आहेत. वापरून झाला की उभा करून ठेव, वाळेल.